पंगतीची पिछाडी

एकदा एक शिपाई बरीच वर्षं गडावर चाकरी करून आपल्या गावी परत आला. लढाई संपली होती, तह झाला होता आणि किल्लेदाराने निम्मी शिबंदी घरी पाठवून दिली होती. निघताना किल्लेदाराने स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर शेला घातला, कारण घाटातल्या माघारीच्या वेळी त्याने पिछाडी सांभाळली होती आणि ही गोष्ट त्या मुलखात सर्वांना ठाऊक होती. शिपायाचं नाव हैबती.

गावाने त्याला वेशीवर ओवाळलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनी देवळापुढे त्याच्या मानाची पंगत घातली. मानाच्या पाटावर अर्थातच हैबती. आणि पहिली चूक तिथेच झाली.

त्या बाजूला पंगतीचा एक जुना रिवाज होता. पंगत एकत्र बसायची आणि एकत्रच उठायची. सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्या माणसाचं पान संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. आणि मानाच्या पाटावरचा माणूस उठला की पंगत उठली असं समजायचं, मग कोणाच्या पानात काहीही राहिलेलं असो. म्हणून त्या पाटावर बसणारी जाणती माणसं स्वतःचं जेवण कधीच संपलं असलं तरी पत्रावळीत बोटांनी काहीतरी चाळवत बसायची आणि दोन्ही रांगांवर नजर ठेवायची.

हैबती याच गावात वाढला होता. रिवाज त्याला माहीत नव्हता असं नाही. पण इतकी वर्षं त्याचं जेवण दोन पहाऱ्यांच्या मधल्या फटीत झालं होतं. भाकरी हातावर, ढाल पाठीवर, डोळे तटाकडे. त्याने मान खाली घातली, पानातलं होतं नव्हतं ते संपवलं, आणि आमटी रांगेच्या टोकाला पोचायच्या आत तो ताडकन उभा राहिला.

सगळं गाव उठलं. म्हातारा गुरव भात कालवत होता. त्याने त्या कालवलेल्या भाताकडे एकदा पाहिलं आणि हात झटकून तोही उठला. गव्हाच्या खिरीचं पातेलं देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं, ते तिथूनच परत गेलं.

"काय झालं? वैरी आला की काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"वैरी कुठला. खीर आली होती," दुसरा म्हणाला. "तिला बघून पळाला गडी."

लोक हसले. हैबतीही हसला, पण त्याचे कान तापले. हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

गाव तेवढ्यावर विसरलंही असतं. पण हैबतीला घरही होतं.

त्याच्या बायकोचं नाव भागा. तो चाकरीवर गेला तेव्हा ती पोटुशी होती. पुढे मुलगी झाली, ठकू. बाप मधूनमधून चार दिवसांसाठी येऊन गेला होता तेवढाच, त्यामुळे ठकूच्या लेखी बाप म्हणजे खुंटीवरचं मुंडासं आणि लोकांनी सांगितलेल्या गोष्टी. आता तो बाप खरोखर घरात राहायला आला होता. पहाटे उजाडायच्या आत अंथरुणं गुंडाळलेली हवीत. सरपण एका रांगेत रचलेलं हवं. पाण्याच्या घागरी दारापासून हाताच्या अंतरावर. भागाने पहिले काही दिवस ऐकून घेतलं. मग एके दिवशी घागर जिथली तिथे ठेवून तिने विचारलं, "का?"

"का म्हणून विचारायचं नसतं," हैबती म्हणाला. "सांगितलं की करायचं."

"अहो, इतकी वर्षं ह्या घरात 'का' विचारायला मीच होते आणि उत्तर द्यायलाही मीच. तुम्ही आलात, आता दोन्हींतलं एक काम तरी घ्या माझ्याकडून."

गडावर असं कोणी बोलत नसे. तिथे बोललेला शब्द आणि झालेलं काम यांच्या मध्ये काही नसायचं, आणि त्यामुळेच सगळ्यांचे जीव सुखरूप असायचे. इथे प्रत्येक शब्दापाठोपाठ दुसरा शब्द यायचा. हैबती चिडायचा आणि पुन्हा हुकूम सोडायचा.

खरी अडचण मात्र ठकूच्या जेवणाची होती. ठकू इतकी सावकाश जेवायची की बघणाऱ्याला झोप यावी. भाकरीचा एवढासा तुकडा मोडायचा, त्याच्याशी काहीतरी बोलायचं, एक कण मुंगीला द्यायचा, मग आजोळच्या वासराची हकीकत सांगायला लागायचं आणि तुकडा हातातच राहायचा. भागाला त्याची सवय होती. हैबतीला ते बघवत नसे. त्याच्या मांड्या आपोआप ताठ व्हायच्या, जणू कोणत्याही क्षणी नगारा वाजणार आहे आणि ही पोर उघड्यावर बसली आहे.

"आटप," तो म्हणायचा.

आणि ठकू आटपायची. दोन्ही हातांनी कोंबायची, डोळे बापाकडे ठेवून. एकदा तो असाच म्हणाला आणि तिच्या घशात घास अडकला. तोंड लाल, मग काळंनिळं. भागाने तिला पालथं घालून पाठीत धपाटे मारले तेव्हा कुठे घास बाहेर पडला आणि पोरीला रडू फुटलं. ज्याने घाटात इतकी मरणं पाहिली होती तो हैबती चुलीजवळ नुसता उभा राहिला.

त्या दिवसापासून बाप घरात असेल तर ठकू जेवेना. भूक नाही म्हणायची. मनगटं बारीक व्हायला लागली. शेवटी भागाने गाठोडं बांधलं आणि ती माहेरी निघाली. माहेर घाटाच्या पायथ्याशीच होतं, एका छोट्या वस्तीवर.

"मी रुसून चाललेली नाही," ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. "पोर वाळत चालली आहे म्हणून चालले. तुमच्या पुढ्यात बसून ती पोटभर जेवेल, त्या दिवशी आम्हाला न्यायला या."

रिकाम्या घरात हैबतीने दोन दिवस काढले. सरपण रांगेत होतं, घागरी दारापासून हाताच्या अंतरावर होत्या, आणि 'का' विचारणारं कोणी नव्हतं. पाटील येऊन बसले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "हैबती, तू शूर आहेस, त्यात वाद नाही. पण गाव म्हणजे गड नव्हे, बाबा." पाटलांचा हेतू चांगला होता. हैबतीला मात्र त्यातून एवढंच समजलं की आपली जागा गडावर आहे. त्याने कंबर बांधली, शेला पिशवीत घातला आणि घाटाची वाट धरली.

घाटाच्या पायथ्याशी, भागाच्या माहेराजवळच, एक छोटा मठ होता. तिथे एक वृद्ध सत्पुरुष राहत. तरुणपणी ते त्याच गडावर नाईक होते, म्हणून लोक त्यांना नाईकबाबा म्हणत. तलवार ठेवून त्यांना किती वर्षं झाली हे आता कोणाला नीटसं सांगता येत नसे, पण एक शिपाईपणा त्यांच्यात अजूनही राहिला होता. ते फार झटपट जेवत. त्यांचं जेवण सुरू झालं कधी आणि संपलं कधी हे वाढणाऱ्यालाही कळत नसे, आणि लोक त्यावरून त्यांची मायेने थट्टा करत. गडावर जाणारा प्रत्येक शिपाई त्यांच्या पाया पडून मगच घाट चढे. हैबतीही थांबला.

नाईकबाबा ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होते. दुसऱ्या दिवशी मठाचा उत्सव होता आणि आसपासच्या सगळ्या गावांना जेवण होतं.

"ये. बस," ते म्हणाले. "चार खडे काढ माझ्याबरोबर. कुठे निघालास?"

"गडावर. परत चाकरी धरतो."

"तह मोडला?"

"नाही, बाबा."

"मग किल्लेदाराला काय सांगशील? गावाने हल्ला केला म्हणून पळून आलो?"

हैबतीला हसू आलं नाही. त्याने सूप पुढे ओढलं आणि खडे काढता काढता सगळं सांगून टाकलं. मोडलेली पंगत सांगितली, घागरी सांगितल्या, ठकूच्या घशात अडकलेला घास सांगितला. आणि मग, न विचारता, जे भागालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"माझा एक सोबती होता, धर्मा. चवीनं खायचा. आम्ही त्याला म्हणायचो, धर्मा, तुझं लग्नाचं जेवण चाललंय काय? एकदा छापा पडला. आम्ही सगळे उठलो. तो उठलाच होता, नाही असं नाही. पण शेवटचा तुकडा हातात होता. तो तसाच हातात राहिला." हैबतीने एक खडा उचलून लांब फेकला. "पोरगी जेवायला बसली की मला धर्मा दिसतो, बाबा. मी तिच्यावर रागावत नाही. मला भीती वाटते. पण ती भीती तोंडातून बाहेर पडते तेव्हा 'आटप' होऊनच पडते."

नाईकबाबांनी सुपातला आणखी एक खडा काढला. मग म्हणाले, "घाटातलं सांग."

"ते काय सांगायचं? सगळ्यांना माहीत आहे."

"लोकांनी सांगितलेलं मला माहीत आहे. तू सांग."

"वैरी मागे होता. आम्ही उतरत होतो. जखमी फार. पिछाडीला मी राहिलो. एकाचा पाय पार गेला होता, काठी टेकत चालत होता. त्याच्यामुळे सगळ्यांचा वेग मंदावला. तो थांबलाच, म्हणाला, मला सोडा, माझ्यापायी सगळे मरताय. मग मी पण लंगडायला लागलो."

"तुला लागलं होतं?"

"छे. सोंग केलं. म्हटलं, गड्या, तुझ्यापायी नाही, माझ्यापायी उशीर होतोय. माझा पाय मुरगळलाय. तू हो पुढं, मी मागनं येतो." हैबतीने खांदे उडवले. "त्याला जरा बरं वाटलं. आपण शेवटचे नाही असं वाटलं की माणूस चालतो. चालला तो. पोचला घरी."

नाईकबाबांनी सुपातले तांदूळ पाखडून टोपल्यात ओतले.

"उद्या जेवून जा," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसायचं. आणि एक हुकूम आहे. मी उठेपर्यंत उठायचं नाही."

"हुकूम," हैबती म्हणाला. खूप दिवसांत त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. त्याला एकदम बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मठाच्या अंगणात समोरासमोर दोन रांगा बसल्या. मानाच्या पाटावर नाईकबाबा, त्यांच्या शेजारी हैबती. आणि अगदी समोरच्या रांगेत, आजोबांच्या मांडीला टेकून, ठकू. तिच्या आजोबांना तिथे बसायला नाईकबाबांनीच सांगितलं होतं, हे हैबतीला कळलं नाही. त्याने मुलीला पाहिलं तसं त्याचं काळीज हललं, आणि मुलीने त्याला पाहिलं तसा तिने पानाकडे नेलेला हात मागे घेतला. भागा वाढणाऱ्या बायकांत होती. तिने भाताची परात कमरेवर घेतली आणि ती जागच्या जागी थांबून बघत राहिली.

नामघोष झाला. जेवण सुरू झालं. हैबतीचं पान, नेहमीप्रमाणे, बघता बघता रिकामं झालं. त्याने शेजारी पाहिलं. नाईकबाबांच्या पानात भाताचा डोंगर जसाच्या तसा होता. ते एक शीत उचलत, त्याकडे बघत, तोंडात ठेवत आणि मग दुसरं शीत शोधत.

आमटी दोनदा फिरली. खीर आली आणि गेली. पानं संपत आली. समोर ठकू भाताची चिमूट करून बसली होती आणि मधूनमधून बापाच्या हातांकडे बघत होती. हैबतीने हात मांडीखाली दडवले. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही.

हळूहळू सगळ्यांची जेवणं झाली. लोक नुसते बसून राहिले. कोणी पाण्याचा घोट घेतला, कोणी पत्रावळीची काडी काढून दात कोरू लागलं. उन्हं अंगणात सरकली. आता सगळ्या पंगतीत दोघंच जेवत होती, ती लहान मुलगी आणि तो म्हातारा. ठकूने मान वर केली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सगळे थांबले आहेत. तिचा चेहरा भेदरला. तिने दोन्ही हातांनी भात गोळा केला आणि मोठा गोळा तोंडाकडे नेला.

"आमटी आहे का रे?" नाईकबाबांनी मोठ्याने विचारलं. "आणि थोडा भात. माझं कुठे झालंय अजून?"

सगळी पंगत त्यांच्याकडे वळली. ठकूचीही मान वळली. तिने त्यांच्या पानातला डोंगर पाहिला, त्यावर आणखी पडलेला भात पाहिला. हातातला गोळा तिने पानात सोडून दिला, आणि त्यातून नेहमीसारखी एक चिमूट वेगळी केली.

"बाबांना आज झालंय काय?" रांगेतून कुजबुज उठली.

"दात पडले वाटतं."

"दात कशाला लागतात भाताला? अहो, ह्यांचं जेवण म्हणजे डोळ्याचं पातं लवायचं काम. आज शीत मोजून खातायत."

हैबतीच्या गावचे पाटील उन्हात बसले होते. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. "बाबा, बैल जुंपून ठेवलेत," ते शेवटी म्हणाले.

"असू द्या," नाईकबाबा म्हणाले, आणि एक शीत उचललं.

हैबतीच्या पोटऱ्या तटतटल्या होत्या. सगळं अंग उठ म्हणत होतं. हुकूम नसता तर तो केव्हाच उठला असता. पण उठायचं नाही म्हटल्यावर बघण्याखेरीज दुसरं काम नव्हतं, म्हणून तो बघत राहिला. आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्याने आपल्या मुलीला जेवताना नीट पाहिलं. ती घाबरत नव्हती. तिने आजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा वासराबद्दल. एक कण मुंगीपाशी ठेवला. खिरीचं बोट चाटलं. मग शेवटचा घास खाऊन तिने पत्रावळ स्वच्छ पुसली आणि समोर बघून म्हणाली, "झालं माझं. त्यांचं राहिलंय."

तेव्हा नाईकबाबांनी उरलेला सगळा भात चार घासांत संपवला, अगदी शिपायासारखा, आणि ते उठले. पंगत उठली. भागाने परात खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

लोक पांगल्यावर हैबती ओट्यापाशी आला. पाटील तिथे आधीच उभे होते.

"बाबा, एवढा वेळ का लावलात?" हैबतीने विचारलं. असं विचारताना त्याच्या लक्षात आलं की आपल्या तोंडून 'का' निघाला आहे.

"काय करणार," नाईकबाबा म्हणाले. "माझा पाय मुरगळला होता."

हैबती त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो खाली बसला. आधी त्याचे खांदे हलले, आणि तो हसतो आहे की रडतो आहे हे पाटलांना काही केल्या कळेना. दोन्हीही होतं.

नाईकबाबा त्याच्या शेजारी टेकले. "ऐक. शिपायाला घाई शिकवतात, कारण गडावर घाईने माणसं वाचतात. तुझा धर्मा वाचला नाही, म्हणून तुझी घाई आणखी पक्की झाली. त्यात तुझा दोष नाही. पण घाई ही ढाल आहे. ढाल ज्याच्यासाठी धरायची ते वेगळं असतं. मागे पडलेल्याला मागे टाकायचं नाही, आणि आपण मागे पडलो असं त्याला वाटूही द्यायचं नाही, हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. घाटात ते तू आपण होऊन केलंस. घरी येताना ढाल घेऊन आलास आणि ते मात्र घाटात विसरलास. पंगत तरी काय वेगळं सांगते? जो सगळ्यांत हळू आहे, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं."

"म्हणजे गड आणि घर एकच, बाबा?"

"एकच असतं तर तलवार ठेवून मी इथे कशाला आलो असतो? नाही, एक नाहीत. गडावर ज्याने त्याने 'का' विचारला तर गड पडेल. घरात 'का' विचारू दिला नाही तर घर पडेल. हे भांडण तुझ्या पोटात चालू राहणार. माझ्याही पोटात चालू आहे, म्हणून तर मी अजून असा जेवतो. पण दोन्ही मुलखांना एक वाट जाते, आणि ती तुझ्या पायाखालची आहे. तू पिछाडीचा माणूस आहेस. घरातही तिथेच राहा."

मग ते पाटलांकडे वळले. "आणि पाटील, गावाला शूर माणूस हवा असतो, पण गडावर. ह्याला ओवाळायला तुम्हाला किती वेळ लागला? परत यायला त्याला किती लागेल, हे विचारलंत कधी?"

पाटलांनी मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि थोड्या वेळाने, कोणाकडेही न बघता, म्हणाले, "पुढच्या पंगतीला मीच बसेन मानाच्या पाटाशेजारी. उठायला लागला की धरेन धोतराला."

"धरा," हैबती म्हणाला. "जोरात धरा."

भागाचे वडील ठकूला खांद्यावर घेऊन निघाले होते. जाता जाता ते थांबले. "जावईबापू, परवा आमच्याकडे जेवायला या. साधंच आहे, भाकरी आणि पिठलं."

"येतो, मामा."

हैबती घाट चढला नाही. ठरल्या दिवशी तो सासुरवाडीला गेला, हातपाय धुतले, पाटावर बसला. ठकूचं पान त्याच्यासमोर मांडलं होतं. ती आली, पण आईचा पदर धरून बसली. भागाने वाढलं. हैबतीने नेहमीसारखंच जेवण उरकलं, कारण हात एका दिवसात बदलत नाहीत. पण भाकरीचा शेवटचा तुकडा त्याने पानात ठेवला. त्याला थोडं पिठलं लावलं. मग तो तुकडा त्याने डावीकडून उजवीकडे सरकवला, आणि उजवीकडून डावीकडे.

पोटऱ्या तटतटल्या. एकदा धर्मा डोळ्यांपुढे येऊन गेला. हैबती बसून राहिला.

ठकू चोरून त्याच्या पानाकडे बघत होती. पानात तुकडा होता. तिने एक घास खाल्ला आणि पुन्हा पाहिलं. तुकडा तिथेच होता. तिने आईचा पदर सोडला. मग तिने वासराची गोष्ट काढली, आधी आजोबांना आणि मग, अर्ध्यावर, थेट बापाला. वासराने म्हणे मठातला हार खाल्ला होता आणि नाईकबाबा त्याच्या पाया पडले होते. हैबतीने विचारलं, "का?" ठकूने कारण सांगितलं. ते फार लांब होतं. चूल विझली, पिठल्यावर साय धरली, भागा भिंतीला टेकून बसली, आणि कोणालाही कुठे जायचं नव्हतं.

शेवटी ठकूचं पान पुसून स्वच्छ झालं. तिने बापाच्या पानात डोकावून पाहिलं. तो एवढासा तुकडा अजून तसाच.

"आटपा की, बा," ती म्हणाली. "सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

भागाला हसू आवरेना. हैबतीने तुकडा उचलला, आणि क्षणभर तसाच धरून ठेवला.

"तू हो पुढं," तो मुलीला म्हणाला. "मी मागनं येतो."

वाचकहो, आपल्याही गावात, आपल्याही घरात कोणी असा परतून आलेला असेल. त्याचं पान रिकामं दिसलं तरी आपण जरा बसून राहू या, त्याचं पुरतं परत येणं अजून राहिलेलं असेल.